टाचा टेकणारी गाडी

शोरूममध्ये तो आधी ज्या गाडीवर बसला ती जणू त्याचं माप घेऊनच बनवली होती. निळी, अंगाने सडपातळ, सीट खाली उतरलेली. त्याने टांग टाकली, गाडी सरळ केली, आणि दोन्ही पाय फरशीवर टेकले. नुसते चवडे नव्हेत, टाचासुद्धा. त्याने बायकोकडे पाहिलं आणि हसला. त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण इतकं मोकळं हसताना तिने त्याला फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

तो चष्म्याच्या दुकानात होता. डोळे तपासायचा, नंबर काढायचा, फ्रेम कानामागे नीट बसवून द्यायचा. हात हलका, बोलणं गोड. काउंटरच्या मागे त्याने एक फळी टाकून घेतली होती, त्यामुळे गिऱ्हाइकाला तो चारचौघांएवढा दिसायचा. काही कामाने काउंटरबाहेर आला की लोकांची नजर एकदम खाली यायची, आणि ती खाली आलेली त्याला बरोबर कळायची. फोटो काढायची वेळ आली की तो पायरी शोधायचा. बायको त्याच्याहून चार बोटं उंच. लग्न ठरलं त्या दिवसापासून ती सपाट चपला घालत आली होती, आणि त्याबद्दल दोघांत कधी अवाक्षर निघालं नव्हतं. तिला त्याच्या उंचीचं काहीच वाटत नव्हतं. त्याला वाटायचं, म्हणून तिला सांभाळून घ्यावं लागायचं, इतकंच.

मोटरसायकलचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते चाळिशी उलटल्यावर. दुकानात एक धिप्पाड गिऱ्हाईक यायचं. त्याला सगळे कप्तान म्हणायचे. रविवारी पाच-सहा जणांना घेऊन तो डोंगरात जायचा, मोठाल्या गाड्यांवर, मागे पत्र्याचे डबे लावून. एकदा चष्म्याची काडी दुरुस्त करून घेताना तो म्हणाला, "तुम्हीपण या की एखादी गाडी घेऊन." तेवढं पुरलं. घरी रोज जेवताना गाड्यांचं बोलणं सुरू झालं. कुठली किती जड, कुठलीची सीट किती उंच, कुठली मातीत घसरत नाही. बायकोला गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नवरा इतका खुशीत आहे म्हटल्यावर तीही ऐकायला लागली. ती केस कापायच्या सलूनमध्ये कामाला होती. दिवसभर पायांवर उभं राहून आल्यावर कुणी खुशीत बोलत असलं की तिलाही बरं वाटायचं.

शेवटी त्याचं निळ्या गाडीवर मन बसलं. शोरूममधली मुलगीही म्हणाली, "ही घ्या सर. चढावर, खडीवर थांबायची वेळ आली की सगळं वजन पायांवर येतं. हिच्यावर तुमचे पाय पुरतात."

"पाय पुरतात" हे शब्द तिने सरळपणे वापरले होते, पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललेलं बायकोला दिसलं. आणि त्याच वेळी कप्तान दारातून आत आला. नवऱ्यानेच त्याला बोलावलं होतं, गाडी दाखवायला.

कप्तानाने निळ्या गाडीला एक फेरी मारली. "घे की," तो म्हणाला. गाड्यांच्या गप्पांत दोघं केव्हाच अरे-तुरेवर आले होते. "चांगली आहे. वहिनींना शिकवायला बरी पडेल."

नवरा हसला. कप्तान हसला. मुलगी हसली नाही. मग कप्तानाने त्याला खांद्याला धरून पलीकडे नेलं. तिथे करड्या रंगाची एक उभी होती, जिराफाच्या अंगलटीची, सीट बायकोच्या कमरेच्या वर. "बस, मी धरतो," कप्तान म्हणाला. त्याने मागून धरली आणि हा वर चढला. बायको बाजूला उभी होती. तिला फक्त त्याचे बूट दिसत होते. एका पायाचा अंगठा फरशीला लागायचा, की दुसरा पाय उचलला जायचा.

"चालत्या गाडीवर पाय कशाला लागतात?" कप्तान म्हणाला. "पाय लागतात थांबायला. आपण थांबायचंच नाही."

बायको हळूच म्हणाली, "अहो, मघाचीच बरी होती."

"तुला त्यातलं काय कळतंय," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता म्हणाला.

करडी गाडी घरी आली.

पहिले काही महिने त्याने ती निभावली, हे मान्य करायलाच हवं. त्याने बुटांना जाड तळवे लावून घेतले. सिग्नलला गाडी नेमकी फूटपाथच्या कडेला घ्यायचा, म्हणजे एक पाय वरच्या कडेवर टेकता यायचा. कुठे थांबायचं झालं तर लांबूनच जागा हेरायचा. सीटवरून एका कुशीला सरकून एकच पाय नीट टेकवायची युक्तीही त्याने शिकून घेतली. बघणाऱ्याला वाटावं, ऐटीत बसलाय. मागे बसलेल्या बायकोला मात्र सगळं कळायचं. गाडी मंदावली की त्याची पाठ आखडायची, श्वास अडकायचा, आणि चाक थांबायच्या आत तो म्हणायचा, "उतर, उतर." ती उतरायची. अशा वेळी अंग कसं चोरून बसायचं, कसं जराही हलायचं नाही, हे तिला सवयीने येऊ लागलं होतं. इतकी निपचित ती झोपेतही पडत नसेल.

एकदा तिने विषय काढून पाहिला. "सीटचा फोम थोडा कापून घेतला तर? माझ्याकडे केस कापायला येणाऱ्या एका बाईंच्या मुलाने तसं करून घेतलंय."

"ग्रुपमध्ये लगेच लक्षात येतं ते," तो म्हणाला.

"आलं तर आलं."

त्याने ताट पुढे ओढलं आणि जेवण उरकलं. तिने विषय पुन्हा काढला नाही.

मग ती घाटातली सफर ठरली. कप्तान आणि त्याची बायको, आणखी दोन गाड्या, आणि ही दोघं. दोन्ही बाजूंना डबे लावले, वर तंबूची गुंडाळी बांधली. आधीच जड असलेली गाडी आता हलता हलेना. सकाळ छान गेली. वारा गार होता, खाली दरीत ढग अडकले होते, आणि तो वळणं खरोखर चांगली घेत होता. चालत्या गाडीवर त्याच्या हाताला काही तोड नव्हती. तिला त्याचं कौतुकही वाटलं. तिने त्याच्या खांद्यावर थोपटून तसं सांगितलंही.

वर चढणीला एका वळणावर रस्ता खणलेला होता. सगळीकडे खडी. लाल फडकं हातात घेतलेला एक कामगार मधे आला आणि त्याने हात वर केला. पुढे कप्तान थांबला, सहज, दोन खांब रोवल्यासारखे पाय टेकून. याला मागे थांबावं लागलं. उजवा पाय ब्रेकवर होता, नाहीतर गाडी मागे घसरली असती. टेकायचा होता डावा, आणि डावीकडे रस्त्याची कड तुटून खाली गेली होती. फार नाही, वीतभर.

तिने पाहिलं. तिला सगळं स्पष्ट दिसलं. त्याचा डावा बूट खाली गेला, जमीन शोधू लागला, हवेत चाचपडला, आणखी खाली गेला, आणि काहीच सापडलं नाही. ती दगडासारखी बसली होती. श्वाससुद्धा धरून ठेवला होता. गाडी हळू कलली. इतकी हळू, की आता सावरेल असं वाटत राहिलं. मग वजनाने वजन ओढलं आणि सगळं एकदम आडवं झालं. तो सुटून बाजूला पडला. तिचा डावा पाय पत्र्याच्या डब्याखाली होता.

दुखायला लागायच्या आधी एक क्षण अगदी शांत गेला. त्या क्षणात तिने त्याच्याकडे पाहिलं. तो हातांवर उठत होता. कप्तान धावत येत होता. आणि कप्तानाला ऐकू जाईल एवढा तो जवळ आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, हललीस कशाला?"

हे त्याचं पहिलं वाक्य. लागलं का, हे त्याने नंतर विचारलं.

घोट्याचा चुरा झाला होता. डॉक्टरांनी पट्टी बसवली, स्क्रू घातले, आणि चालता येईल असं सांगितलं. कसं, ते सांगायचं टाळलं. ती घरी आली ती पलंगावरच. आणि त्याने तिचं सगळं केलं, त्यात खोट काढायला जागा नाही. रजा टाकली, स्वयंपाक शिकला, तिला धरून बाथरूमपर्यंत नेलं. तिची वेणी घालायचा. ती वाकडी व्हायची, मग सोडून पुन्हा घालायचा. पायाला सूज आली की मांडीवर घेऊन बसायचा. माणूस वाईट नव्हता. तो वाईट असता तर पुढचं सगळं तिला सोपं गेलं असतं.

भेटायला लोक येत. ते तिच्याजवळ बसत, मग तो त्यांना स्वयंपाकघरात चहाला नेई, आणि भिंतीपलीकडून त्याचा आवाज येई.

"तिची काही चूक नाही हो. अशा गाडीवर मागचं माणूस जरा हललं तरी तोल जातो. तिला तरी काय माहीत."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने कानाडोळा केला. म्हटलं, खजील झालाय बिचारा, चार दिवसांनी आपणच गप्प बसेल. पण तो गप्प बसला नाही. सांगता सांगता गोष्टीला पालवी फुटत गेली. आधी ती जरा हलली होती. मग दरीकडे बघायला वाकली होती. मग फोटो काढायला फोन बाहेर काढत होती, त्यामुळे. दरवेळी तो तिला माफ करायचा. तिची चूक नाही असं प्रत्येकाला सांगायचा, आणि सांगता सांगता ती चूक उचलून तिच्या पदरात टाकायचा.

तिची धाकटी बहीण आली. उशाशी बसून फळं कापता कापता म्हणाली, "ताई, तू कशाला हललीस गं?"

"मी हलले नाही."

"भाऊजी म्हणत होते…"

"काय म्हणत होते?"

"रागाने नाही म्हणाले. उलट तुझीच बाजू घेत होते. किती करतात ते तुझं. आमच्याकडे पाण्याचा ग्लाससुद्धा कुणी आणून देत नाही."

तिने कापलेली फोड घेतली आणि खाल्ली. सेवा करणाऱ्या माणसाला खोटं पाडायचं तर आधी आपल्या पायांवर उभं राहावं लागतं, आणि तिला तेव्हा तेही जमत नव्हतं.

पडून पडून तिला स्वतःचीच शंका यायला लागली. हललो असू का आपण? खांदा? मान? ती डोळे मिटून तो चढ आठवायची. लाल फडकं. कप्तानाची रुंद पाठ. हवेत चाचपडणारा बूट. नाही. ती हलली नव्हती. हे तिला माहीत होतं, पण ते पुन्हा पुन्हा तपासून बघायची पाळी तिच्यावर आली, हेच तिला सगळ्यात लागलं.

पुढे ती काठी टेकत सलूनमध्ये जायला लागली. पूर्वीसारखं दिवसभर उभं राहणं शक्य नव्हतं. मालकीणबाईंनी तिला एक चाकाचं उंच स्टूल घेऊन दिलं. त्यावर बसून ती गिऱ्हाइकाभोवती सरकत केस कापायची. लांब केसांची, रंगाची मोठी कामं दुसरीकडे गेली. तिच्याकडे उरलं ते कडा सारख्या करणं, झिपऱ्या कापणं, आणि कुणाची आई-आजी आली तर ती.

एक दिवस कप्तानाची बायको खुर्चीत बसली. मान पुढे, केस ओले. जरा वेळाने म्हणाली, "आमचे हे म्हणतात, मागे बसणाऱ्याने पोत्यासारखं बसावं. हलायचं नाही, बघायचं नाही."

"मी पोत्यासारखीच बसले होते," ती म्हणाली. "यांचा पाय टेकला नाही. म्हणून गाडी पडली."

आरशात दोघींची नजरानजर झाली. कप्तानाच्या बायकोने मान तिरकी केली आणि फार मायेने म्हणाली, "असू द्या हो. होतं असं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तेव्हा तिला कळलं की वेळ गेली. पहिल्या दिवशी बोलली असती तर ते खरं ठरलं असतं. आता ती सबब वाटत होती.

करड्या गाडीला तिच्या पडण्यानंतर त्याने फारसा हात लावला नव्हता. कव्हर घालून ती खाली उभी होती. मग एका संध्याकाळी तो घरी आला तो उत्साहात.

"बदलून टाकतो ती," तो म्हणाला. "खालच्या सीटची घेतो. तुझ्यासाठी. त्या पायाने तुला एवढ्या उंच चढता यायचं नाही. कप्तानही म्हणाला, वहिनींचा विचार करायलाच हवा."

तिने भाजी चिरायची थांबवली नाही. "माझ्यासाठी," ती म्हणाली.

"मग काय. तू पण चल शोरूमला. बसून बघ."

ती गेली. का गेली, तिलाही सांगता आलं नसतं. शोरूममधली मुलगी तीच होती. तिने दोघांना ओळखलं, काठीकडे पाहिलं, आणि काही विचारलं नाही. निळी गाडी आता नव्या रूपात आली होती, आणखी थोडी हलकी, पुढची काच मोठी. तो बसला. टाचा फरशीला टेकल्या. त्याने गाडी डावीकडे कलवली, उजवीकडे कलवली, पायांनी मागे ढकलली, पुढे घेतली. सगळं त्याच्या हातात होतं. आणि त्याच्या तोंडावर तेच हसू आलं, पूर्वी त्या दिवशी आलं होतं ते.

"हिच्या पायामुळे घेतोय," तो मुलीला म्हणाला. "मला मोठीची सवय झाली होती, पण आता काय. तडजोड."

बायकोने काठी दुसऱ्या हातात घेतली. "माझ्या पायाचा काही संबंध नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मोठीवर यांचे पाय पोचत नव्हते. तुम्ही तेव्हाच सांगितलं होतंत."

मुलगी हातातल्या किल्ल्यांकडे बघू लागली. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने मान वळवून पाहिलं. तो गाडीवरून उतरला. कान लाल झाले होते. मग त्याने अगदी साध्या आवाजात, कोणते रंग मिळतील असं विचारलं.

परतताना रिक्षात दोघं दोन बाजूंना बसले. घरी आल्यावर त्याने बूट काढले, पाणी प्यायला आणि म्हणाला, "चारचौघांत माझा पाणउतारा करून काय मिळालं तुला?"

"काही नाही मिळालं."

"एवढं केलं मी तुझं. इतके महिने."

"केलंत. मी नाही म्हणत नाही." ती खुर्चीत बसली आणि तिने पाय स्टुलावर ठेवला. "मला माफीबिफी नको. कुणाला जाऊन काही सांगूही नका. फक्त एकदा माझ्यापुढे म्हणा. इथे, आपण दोघंच आहोत. पाय टेकला नाही, म्हणून पडलो. एवढंच म्हणा."

तो तिच्यासमोर उभा होता. तिला वाटलं, म्हणेल. मग तो खरोखर आठवत असल्यासारखा कपाळाला हात लावून खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लबाडीही नव्हती. ती त्याला इतकी वर्षं ओळखत होती. लबाडी असती तर तिला ओळखता आली असती.

"मी कशाला खोटं बोलू?" तो म्हणाला. "मला तर तू हललेलीच आठवतेस. तुझं वजन डावीकडे आलं. मला पाठीत कळलं ते."

इतके दिवस तिला वाटत होतं, खरं काय ते दोघांना माहीत आहे आणि एकजण लपवतोय. लपवलेली वस्तू आज ना उद्या बाहेर काढता येते. पण त्याच्याकडे लपवायला काही उरलंच नव्हतं. सांगून सांगून त्याने ते पार पुसून टाकलं होतं. त्या चढावर जे झालं ते आता जगात फक्त तिलाच माहीत होतं.

"बरं," ती म्हणाली, आणि कुकर लावायला उठली.

निळी गाडी आली. ती अंगाला बसल्यावर तो खरोखर चांगला चालवू लागला. थांबायची धास्ती गेली, तसा हात आणखी मोकळा झाला. वाळूत, चिखलात, ओढ्यातून, कुठेही नेऊ लागला. मोठ्या गाड्या जिथे रुतत तिथून हा सहज निघायचा आणि मागे येऊन दुसऱ्यांना ढकलू लागायचा. कप्तान आता नव्या मंडळींना त्याचं उदाहरण द्यायचा. वर्षाच्या आत ग्रुपमधल्या दोघांनी आपल्या उंच गाड्या विकून तसल्याच घेतल्या. दुकानात त्याच्या काउंटरवर घाटातला एक फोटो लागला. त्यात तो गाडीशेजारी सपाट जमिनीवर उभा होता, पायरी नव्हती की दगड नव्हता.

प्रत्येक सफरीला तो तिला विचारायचा. मनापासून विचारायचा. "चल ना. आता सीट केवढी खाली आहे. तुला काही त्रास होणार नाही." ती नाही म्हणायची. मग तिने रविवारीही सलूनमध्ये जायला सुरुवात केली, म्हणजे विचारायचं कारण राहिलं नाही. तो डबा भरून, तिच्यासाठी चहा झाकून ठेवून, पहाटेच निघून जायचा. लोकांना सांगायचा, तिने धास्ती घेतलीय, आपण जोर करायचा नाही.

असल्याच एका रविवारी एक म्हाताऱ्या बाई तिच्याकडे केस कापायला आल्या. चष्मा तिच्या नवऱ्याच्याच दुकानातला होता. त्यांनी त्याची फार तारीफ केली. किती गोड बोलतात, किती हलक्या हाताने काम करतात. आणि बायकोबद्दल किती काळजी.

"म्हणत होते, तुम्ही गाडीवर बसायला घाबरता आता," बाई म्हणाल्या. "खरं का?"

तिने स्टूल थोडं मागे सरकवलं. बाईंच्या मानेवरचा टॉवेल नीट केला.

"हो," ती म्हणाली. "घाबरते." आणि कानामागचे केस कापायला घेतले.